जुना गोठा पाडताय? आधी माल मोजा, मग गुत्तं द्या



पावसाळ्याआधी जुने गोठे पाडायची कामं निघतात. "मजुरी काही नको, पाडून देतो, निघेल तो माल माझा," असं गुत्तेदार म्हणाला की सौदा स्वस्त वाटतो. पण माळवदाच्या गोठ्यात खरी किंमत मालातच असते. म्हणून हो म्हणायच्या आधी टेप घेऊन मोजा.

*लाकूड:* लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात घ्या. तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागा. 10 फूट लांब, 6 बाय 6 इंची तुळई म्हणजे अडीच घनफूट. सागवान असेल तर दोन ठिकाणी भाव विचारा.

*दगड:* 20 फूट लांब, 8 फूट उंच, अडीच फूट जाड भिंत 400 घनफूट, म्हणजे 4 ब्रास भरते. त्यातली माती वजा धरा.

*लोखंड, पत्रे:* स्टीलचे कारखाने जालन्यातच आहेत. भंगाराचा भाव तिथंच काढा.

*खालची माती:* शेणामुतानं मुरलेली असते. ती आपल्याच शेतात टाका.

आता कागद करा. मजुरी किती, कोणता माल कोणाचा, राडारोडा कोण उचलणार, किती दिवसांत, मजुराला इजा झाली तर खर्च कोणाचा, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. शेवटचा हप्ता जागा साफ झाल्यावरच.

*जिवाचं आधी बघा.* या भिंतींना दोन्ही बाजूंनी दगड आणि मधे माती-चिपांचा भराव असतो. धक्का बसला की दगड सुटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती आणि माळवदाच्या मातीखाली हजारो माणसं गेली. म्हणून भिंतीला खालून जेसीबी लावू देऊ नका. आधी माळवदाची माती उतरवा, मग फळ्या, तुळया, खांब. शेवटी भिंत वरून खाली. भिंत ओली असेल तर काम थांबवा.

त्याआधी वीज तोडून घ्या. लेकरं, जनावरं लांब ठेवा. दगडात साप-विंचू असतात, उघडा हात घालू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. पाणी मारून पत्रे अख्खे उतरवा, फोडू नका.

गोठ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असेल तर पाडल्यावर अर्ज देऊन ती दुरुस्त करून घ्या. नाहीतर नसलेल्या गोठ्याची घरपट्टी भरत बसाल.