धुता येईल तेच अंथरूण

घटस्थापना आठवड्यावर आली की आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात घरोघरी दसरा काढायला घेतात. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, भिंती झाडल्या जातात आणि घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. गोधड्या, चादरी, लेकरांची दुपटी यांची गाठोडी पूर्वी बैलगाडीतून जायची, आता ट्रॅक्टर नाहीतर पिकअपमधून नदीवर, ओढ्यावर, कालव्याकाठी जातात. गोधडी सोडा घातलेल्या कढत पाण्यात भिजते, तुडवली जाते, धोपाटण्याखाली बडवली जाते. मग दोघीजणी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालतात आणि ती खडकावर, कुंपणावर, जागा मिळेल तिथे पसरतात.

घट बसायच्या आत घर स्वच्छ हवं, हे त्यामागचं धार्मिक कारण. पण वेळ पाहा. चार महिने पावसाची ओल अंथरुणात मुरलेली असते आणि भाद्रपदाच्या अखेरीला पहिल्यांदा खणखणीत ऊन पडायला लागतं. वर्षातलं मोठं धुणं नेमकं तेव्हाच काढायचं, हा शहाणपणा कुणा एकीचा नाही, पिढ्यांचा आहे.

लहान मुलाचं अंथरूण निवडताना मी या धुण्यापासूनच सुरुवात करते. दुकानात आपण आधी रंग बघतो, कार्टून बघतो, कापड गालाला लावून मऊपणा बघतो. खरं तर विचारायला हवं ते असं: रात्री दोन वाजता हे ओलं झालं, तर सकाळी घरातल्या एका माणसाला ते बादलीत धुता येईल का? आणि संध्याकाळच्या आत वाळेल का? या प्रश्नाला जे उतरत नाही, ते कितीही देखणं असलं तरी लहान मुलाच्या पलंगावर नको.

आपल्याकडची गोधडी या परीक्षेला कशी उतरते, ते तिची बांधणी जवळून पाहिली की कळतं. खाली एक जुनी साडी, वर एक, आणि मध्ये विरलेल्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे शेजारी शेजारी लावलेले. कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि बोटा-दोन बोटांच्या अंतराने ओळी आत आत सरकत जातात. आत कापूस भरलेला नसतो, कापडाचेच थर असतात, आणि हा तिचा मोठा गुण आहे. कापसाची रजई धुतली की आतला कापूस गोळा होतो. तिला पिंजाऱ्याकडेच न्यावं लागतं. सावरीच्या कापसाची उशी मऊ खरी, पण तीही पाण्यात गेली की संपली. गोधडीतले तुकडे मात्र टाक्यांच्या ओळींनी जागच्या जागी धरलेले असतात. गोधडी पन्नास वेळा बडवली तरी ते हलत नाहीत, आणि एखादी ओळ उसवलीच तर सुई-दोरा घेऊन दहा मिनिटांत नीट होते.

याला सुताच्या स्वभावाची जोड आहे. सुती धागा ओला झाल्यावर कमजोर पडत नाही, उलट अधिक बळकट होतो. म्हणून तो धोपटणं सोसतो. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मुलाच्या मानेला, पाठीला घाम येतो तेव्हा हा फरक कातडीला कळतो. सुती कापड घाम टिपतं, पॉलिएस्टरवर तो तसाच राहतो आणि घामोळं उठतं. जुनं लुगडं आणखी चांगलं, कारण शेकडो धुण्यांत त्याची खळ निघून गेलेली असते आणि धागा मोकळा झालेला असतो. नवी चादर आणली तर तीही आधी एक-दोनदा धुऊन मगच मुलाखाली घालावी.

कापड कुठलं आणि कुणी विणलेलं, हा प्रश्न याच भागातल्या एका गावात जिवाशी आलेला आहे. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव. १९०८ साली गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा पोटासाठी मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापड भरून निघालेल्या ट्रकसमोर तो काळबादेवी रस्त्यावर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय अवघं बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे. या पट्ट्यातली कितीतरी माणसं अशीच मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि गावाकडच्या घरात कापडाचा एक तुकडाही वाया जात नसे. साडी आधी सणाची, मग रोजची, मग गोधडीत. त्यातूनही उरलेल्या मऊ चिंध्या बाळाची बाळोती होत, आणि अगदी शेवटी पोतेरं.

ही साखळी तुटली ती कापड बदललं तेव्हा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. त्याच सुमारास स्वस्त, न चुरगळणाऱ्या, झटपट वाळणाऱ्या पॉलिएस्टरच्या साड्यांनी बाजार भरला. रोज शेतात राबणाऱ्या बाईला त्या सोयीच्या वाटल्या, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पण आज जुन्या साड्यांची म्हणून जी गोधडी शिवली जाते तिच्यात बहुतेक हेच कापड असतं. दिसायला ती तशीच, टाकेही तसेच, पण घाम टिपण्याचा गुण तिच्यात नाही. गोधडी विकत घेताना नक्षी नंतर पाहा. आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच जिरला तर चांगली खूण, मोत्यासारखा वर उभा राहिला तर ती लेकरासाठी घेऊ नका.

धुण्याचा आग्रह केवळ डागांसाठी नाही. अंथरुणात माइट नावाचे, कोळ्याच्या कुळातले, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. आपल्या कातडीचा कोंडा हे त्यांचं अन्न आणि दमट हवा हे त्यांचं बळ. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचं मूळ या जिवांत असल्याचं दाखवून दिलं. ज्या मुलाला दमा आहे किंवा सकाळी उठल्याउठल्या सटासट शिंका येतात, त्याची चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या पाण्यात धुवावा. गार पाण्याने माइट मरत नाहीत. कढत पाण्यात गोधडी भिजवणाऱ्या आजीला माइट ठाऊक नव्हते, पण उपाय तोच होता. उन्हात टाकताना दोन्ही बाजू उलटाव्यात, कारण जाड अंथरुणाच्या आतली ओल वरवरच्या उन्हाने जात नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी मऊपणा धोक्याचा आहे. त्याला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवावं आणि आजूबाजूला उशी, लोड, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही ठेवू नये, असं जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाकातोंडावर आलेलं पांघरूण तान्ह्या बाळाला बाजूला सारता येत नाही. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात. प्रेमापोटीच करतात, पण झोपलेल्या बाळाजवळ तीही नको. या वयात पातळ दुपटं गादीवर ताणून अंथरायला वापरा, अंगावर सैल टाकायला नाही. थंडी असेल तर अंगातले कपडे वाढवा. वर्ष उलटल्यावर पातळ उशी आणि हलकी गोधडी चालेल.

मोठ्या झालेल्या मुलाचं अंथरूण ओलं होणं हा दोष नव्हे. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधराएक मुलं झोपेत शू करतात आणि बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. रागावून काही होत नाही. अंथरुणाची रचना नीट केली की निम्मा त्रास कमी होतो. गादीवर जलरोधक आवरण, त्यावर सुती चादर, पुन्हा एक आवरण, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की खालचं कोरडं अंथरूण तयार. निव्वळ प्लास्टिकचं मेणकापड थेट अंगाखाली घालू नये, पाठ घामाने निथळते. टेरी कापडाला आतून पातळ थर दिलेली आवरणं मिळतात, ती बरी. फक्त ती किती गरम पाण्यात चालतात ते लेबलवर वाचून घ्या. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य या कापडांना लावू नका, त्याने पाणी शोषण्याची ताकद कमी होते.

भीमाशंकरच्या बाजूला, जिथे पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही, तिथे बाळोती निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून वाळवत. धुराचा वास कापडात आणि बाळाच्या छातीत जाई, तरी दुसरा इलाज नसे. आज पंख्याखाली दोरी बांधता येते, पण ओलं कापड ओलंच राहिलं तर काही उपयोग नाही. म्हणून पावसाळ्यासाठी संख्या वाढवावी, जाडी नाही. एक जाडजूड महागडं पांघरूण घेण्यापेक्षा तीन पातळ घ्यावीत. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर-नारायणगावकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा दोन एकावर एक घालता येतात, आणि एक धुण्यात गेलं तरी मूल उघडं पडत नाही.

अशी पातळ पांघरुणं घरच्या जुन्या साडीतूनच निघतात. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असतं. त्याचे नव्वद सेंटिमीटरचे नऊ तुकडे निघतात. चार-चार थरांच्या दोन गोधड्या त्यातच होतात आणि नववा तुकडा ठिगळांना उरतो. साडेपाच मीटरच्या सहावारीतून चार थरांची एक होते आणि वर दोन तुकडे उरतात. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या साड्यांचं गाठोडं बोहारणीसमोर सोडण्याआधी त्यातल्या सुती साड्या वेगळ्या काढून ठेवा. स्टीलचं पातेलं बाजारात केव्हाही मिळेल, वीस वर्षं धुऊन मऊ झालेलं सुती कापड मिळणार नाही.