'देवमाणूस' आणि आपल्या गावचा दवाखाना

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली, तेव्हा करोनामुळे माणसं घरात अडकली होती. एरवी गावाकडे जी निजायची वेळ, त्या वेळी टीव्हीपुढे घरं जागी असत. किरण गायकवाड यांनी रंगवलेला डॉ. अजितकुमार देव गोड बोलायचा, म्हाताऱ्यांची विचारपूस करायचा, पैशांसाठी कुणाला अडवायचा नाही. पडद्यावर तो खून करतोय हे प्रेक्षकाला दिसत होतं, तरी त्याच्यावर जीव लावणारेही कमी नव्हते. वर्षभरानं पहिलं पर्व संपलं, पुढं दुसरंही आलं.

मालिका बेतलेली होती साताऱ्यातल्या वाईच्या घटनेवर. ऑगस्ट २०१६मध्ये एका बेपत्ता महिलेचा शोध घेताना पोलिसांनी संतोष पोळला अटक केली आणि धोमजवळच्या शेतघराच्या आवारातून मृतदेह बाहेर निघाले. २००३पासून सहा खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. वाईत लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत. भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा कार्यकर्ता अशीही त्याची ओळख होती. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरलं जाणारं औषध त्यानं वापरलं, असं पोलिसांचं म्हणणं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे औषध रोज माणसं वाचवायला मदत करतं, कारण तिथं श्वास चालू ठेवायला भूलतज्ज्ञ आणि यंत्र हजर असतं. ते नसेल तर श्वासाचे स्नायूच थांबतात.

गोड माणसाकडून फसणं हा काही खेडवळपणा नव्हे. अमेरिकेतल्या 'द सोप्रानोज' या माफिया कुटुंबाच्या गाजलेल्या मालिकेत टोळीप्रमुख टोनी पॅनिक अटॅकसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. ती शिकलेली, अनुभवी बाई, पण त्याच्या गोडव्यातून बाहेर पडायला तिला शेवटचं पर्व उजाडावं लागतं. एक गुण आवडला की बाकीचेही गुण आपण त्या माणसाला बहाल करून टाकतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०मध्येच या सवयीवर लिहून ठेवलंय. बोलणं गोड, म्हणजे औषधही बरोबरच असणार!

पण मला खुनी डॉक्टरची भीती फारशी वाटत नाही. तसे विरळा. भीती वाटते ती कुणाचाही जीव घ्यायचा नसलेल्या, 'हाताला गुण' असलेल्या बोगस डॉक्टरची. हा गुण येतो कुठून? एक तर साधा विषाणूजन्य ताप बहुतेकांचा चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी सुई टोचली, पाचव्या दिवशी ताप गेला, श्रेय सुईला. दुसरं कारण स्टेरॉइड. सुटी गोळी कागदाच्या पुडीत बांधून दिली जाते. गुडघा दुखायचा थांबतो, दम कमी होतो, भूकही लागते. १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिझोन दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली होती, आणि त्या कामाला दोन वर्षांनी नोबेलही मिळालं. औषध खोटं नाहीच. महिनोन् महिने घेतलं की मात्र रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. तेव्हा दोष वयाला दिला जातो, पुडीला नाही.

तीच सुई पुन्हा वापरली तर काय होतं, हे उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात २०१८मध्ये दिसलं. सायकलवरून फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका भोंदूकडून अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचा ठपका आरोग्य खात्यानं ठेवला.

लोक त्याच्याकडे जातात म्हणून त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. ऊसतोडीवरच्या बाईला तापात बसून राहिलं तर मजुरी बुडते. सरकारी दवाखान्याच्या वेळेत ती फडात असते. हा मात्र रात्री मोटरसायकलवरून खोपीपर्यंत येतो, उधारीवर औषध देतो. अशा वेळी पदवी कोण विचारणार?

आणि पदवी असली म्हणजे झालं, असंही नाही. मार्च २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला. तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. आरोपी डॉक्टर होमिओपॅथीचा पदवीधर होता. म्हणजे पाटीवरची पदवी खरी, पण आत चाललेल्या कामाचा तिच्याशी संबंध नाही. गर्भपाताचा अधिकार कायद्यानं फक्त त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांना आहे, तोही मान्यताप्राप्त केंद्रातच. म्हणून प्रश्न दोन विचारायचे: हा डॉक्टर आहे का, आणि या कामाचा डॉक्टर आहे का?

पहिल्याचं उत्तर मोबाइलवर मिळू शकतं. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला नसेल तर विचारावा. खरा डॉक्टर रागावत नाही. शंका असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. आणि औषधाचं नाव कागदावर लिहून मागावं. या एका मागणीवर बऱ्याच जणांचा चेहरा बदलतो.

हे वाचून कुणाला घरातली पुडी आठवली असेल, तर ती आजच फेकून देऊ नका. बरेच आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. पुडी खिशात घालून ग्रामीण रुग्णालय गाठा, किती दिवस घेतली ते सांगा आणि साखर तपासून घ्या. गोळी कमी कशी करत आणायची, ते तिथले डॉक्टर ठरवतील.