रडणाऱ्या झाडांचं बेट

एप्रिल महिना, परीक्षेचे दिवस. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा ओठाच्या कडेला काळा डाग घेऊन शाळेत आला. मी विचारलं, "काय रे, भाजलं की काय?" तो खाली मान घालून म्हणाला, "नाही बाई, चीक." सगळा वर्ग हसला. कारण चीक म्हणजे काय, हे कैरी चोरून खाणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही!

हसू थांबल्यावर मी म्हटलं, "जगात एक बेट असं आहे, की तिथली गावंच्या गावं झाडाच्या चिकावर जगतात. आणि त्या चिकासाठी त्यांनी गावांचे किल्ले केले." मग काय, गणिताची उजळणी राहिली बाजूला. त्या दिवशी वर्गात सांगितलेली ती हकिकत आज तुम्हांलाही सांगते.

आधी नकाशा उघडा पाहू. युरोपच्या खाली ग्रीस देश शोधा. त्याच्या उजव्या हाताला एजियन समुद्र. त्यात कोणीतरी मूठभर शेंगदाणे उधळावेत तशी बेटं पसरलेली दिसतील. पार पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ टेकलेलं एक बेट आहे, किऑस. ग्रीक लोक त्याचा उच्चार साधारण 'हीओस' असा करतात. तुर्की किनारा इथून अवघा सात किलोमीटर! बेटाचं क्षेत्रफळ सुमारे 840 चौरस किलोमीटर, म्हणजे आपली मुंबई उपनगरांसकट धरली तर तिच्याहून मोठंच. पण माणसं किती? साधारण पन्नास हजार. अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरातून रात्री बोटीत बसलं की सकाळी किऑसचा धक्का येतो.

बेटाचा उत्तर भाग डोंगराळ आणि उघडाबोडका. मजा आहे ती दक्षिणेत. तिथल्या टेकड्यांवर ठेंगणी, वाकडीतिकडी झाडं दिसतात. उंची जेमतेम दोन-तीन मीटर, बुंधा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा गाठाळ, पानं बारीक आणि बारमाही हिरवी. हे मस्तकीचं झाड. ग्रीक भाषेत 'मस्तिहा'. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे पिस्ता. आणि चुलत भावंडं कोण सांगू? आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा! सगळं एकच कुळ. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याच्या ओठावरचा डाग आणि किऑसची मस्तकी, दोघांचं गोत्र एकच.

या झाडाची जात भूमध्य समुद्राच्या काठाने पुष्कळ ठिकाणी वाढते. पण सुगंधी चीक भरपूर देणारा वाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासला तो किऑसच्या दक्षिण भागातल्या शेतकऱ्यांनी. जगाच्या बाजारात येणारी जवळजवळ सगळी मस्तकी याच चोवीस गावांतून येते.

आता ती काढतात कशी, ते नीट वाचा. उन्हाळा सुरू झाला की शेतकरी प्रत्येक झाडाखालची जमीन खरवडून, झाडून, सपाट करतात, अगदी आपण अंगण करतो तशी. मग त्यावर पांढरी, चुनखडीची बारीक भुकटी पसरतात. लांबून पाहिलं तर वाटावं, प्रत्येक झाडाखाली कोणीतरी रांगोळी चाळून ठेवली आहे! ही तयारी झाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये, ऊन तापण्याआधी, भल्या पहाटे माणसं निघतात. हातात लहानसं टोकदार अवजार. त्याने बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर छोट्या छोट्या चिरा देतात. या कामाचं ग्रीक नाव आहे 'केंतिमा', म्हणजे भरतकाम! चीर फार खोल गेली तर झाड दुखावतं आणि उथळ राहिली तर चीक येत नाही. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, तो आजोबांच्या शेजारी उकिडवं बसूनच येतो.

चिरेतून थेंब येतो. पारदर्शक, चकाकणारा. काही थेंब सालीवरच गोठतात, काही खालच्या पांढऱ्या भुकटीवर पडतात. ते घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात पावसाची एक जोरदार सर आली तर पीक बिघडलं म्हणून समजा. आपल्या कोकणात मोहरावर अवकाळी पाऊस पडला की बागायतदाराचा चेहरा कसा होतो, तसाच तिथेही होत असणार.

मग वेचणी. आणि त्यानंतर खरं चिकाटीचं काम (चिकाचं काम चिकाटीचंच असणार म्हणा!). हिवाळ्यात घराघरांतल्या बायका, म्हाताऱ्या टेबलाभोवती जमतात. चाळणं, धुणं झालेलं असतं. मग एकेक खडा हातात घेऊन छोट्या सुरीच्या टोकाने त्याला चिकटलेली माती, सालीचा कण काढायचा. गप्पा चालू, हात चालू. आपल्याकडे पापड लाटायला शेजारणी जमतात ना, तसंच. एवढं सगळं करून एका झाडापासून वर्षाला मिळते किती? साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम. तुमच्या दोन मुठींत मावेल एवढी!

ग्रीक लोक या खड्यांना 'दाक्री' म्हणतात. दाक्री म्हणजे अश्रू. तिथली दंतकथा अशी, की इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात इसिडोर नावाच्या एका ख्रिस्ती सैनिकाला रोमन अधिकाऱ्यांनी हाल करून मारलं, ते पाहून ही झाडं रडू लागली आणि अजून रडताहेत.

एवढ्या मोलाची वस्तू म्हटल्यावर तिच्यावर डोळा ठेवणारे येणारच. 1346 साली इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांनी बेट ताब्यात घेतलं आणि मस्तकीचा व्यापार मुठीत धरला. त्या काळात समुद्रावर चाचे मोकाट. म्हणून मस्तकीची गावं गढीसारखी बांधली गेली. त्यातलं मेस्ता हे गाव आजही जसंच्या तसं पाहायला मिळतं. गावाला वेगळा तट नाही. सगळ्यांत बाहेरच्या रांगेतल्या घरांच्या पाठी एकमेकींना जोडलेल्या, तोच तट. बाहेरच्या बाजूला पूर्वी ना खिडकी, ना दार. आत शिरायला मोजक्या वेशी, आणि त्या रात्री बंद. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. गल्ल्यांवर जागोजागी कमानी, त्यामुळे भर दुपारीही गार सावली. काही गल्ल्या तर मुद्दाम पुढे जाऊन संपतात, शत्रूला चकवायला!

आणि शत्रू आत आलाच तर? घरांची गच्ची गच्चीला लागलेली. लोक वरच्या वर, या गच्चीवरून त्या गच्चीवर, गावाच्या मधोमध असलेल्या बुरुजाकडे धाव घ्यायचे. मेस्तातल्या त्या बुरुजाच्या जागी आता मोठं चर्च आहे.

पण मुलांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. वेस बंद केल्यावर चोर बाहेर राहतो तसा माणूसही आत कोंडला जातो. ज्याने मस्तकी पिकवली त्याला ती स्वतः विकायची परवानगी नव्हती. चोरून विकताना सापडला तर कान-नाक कापण्यापर्यंत शिक्षा होत्या. या सुंदर गल्ल्यांमधून फिरताना मला तरी हे विसरता येणार नाही.

1566 मध्ये बेट तुर्की सुलतानाकडे गेलं. सुलतानाच्या राजवाड्यातल्या स्त्रियांना मस्तकी चघळायला फार आवडे. 1822 साली, ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, सुलतानाच्या फौजांनी या बेटावर भयंकर सूड उगवला. हजारो माणसं मारली गेली, हजारोंना गुलाम म्हणून विकलं. देलाक्रुआ या फ्रेंच चित्रकाराने 1824 साली त्यावर काढलेलं प्रचंड चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्या कत्तलीतून मस्तकीची गावं मात्र बरीचशी वाचली. ती माणसं गेली असती तर झाडांना चिरा कोण देणार होतं? पुढे 1912 साली किऑस ग्रीसमध्ये सामील झालं, आणि 1938 मध्ये मस्तकी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ उभा राहिला. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांची किंवा दूध संघांची आठवण येते ना? आता आपला माल शेतकरी स्वतःच्या संघामार्फत विकतात.

मेस्तापासून थोड्याच अंतरावर पिर्गी. या गावात गेलं की मान वर करूनच चालावं लागतं, कारण घरांच्या भिंती जमिनीपासून गच्चीपर्यंत काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेल्या. त्रिकोण, चौकोन, वर्तुळं, चांदण्या. भूमितीची वहीच उघडून ठेवली आहे जणू. आधी काळसर वाळूचा गिलावा, त्यावर पांढरा चुना, आणि तो ओला असतानाच काट्यासारख्या अवजाराने खरवडून नक्षी. आपल्या वारली चित्रांत गेरूवर पांढरं चढवतात, इथे उलट पांढरं काढून टाकतात. त्या नक्षीदार सज्जांवर शरद ऋतूत लालभडक छोट्या टोमॅटोंचे घोसच्या घोस टांगलेले असतात, हिवाळ्याची बेगमी. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या पाहिल्या आहेत ना? तशाच!

टोमॅटोंवरून खाण्याची आठवण झाली. इथल्या बायका शेवयांसारखाच एक प्रकार हाताने करतात. कणकेचा छोटा गोळा बारीक काडीवर वळायचा आणि काडी अलगद ओढून घ्यायची, की पोकळ मॅकरोनी तयार. वर टोमॅटोचा रस्सा आणि बकरीच्या दुधाचं चीज. शिवाय टोमॅटोची भजी असतातच. ईस्टरच्या गोड पावातही मस्तकीचा वास हवाच. पण तुम्हांला सगळ्यांत आवडेल ती 'पाणबुडी'! हो, तिचं ग्रीक नावच तसं आहे. मस्तकी घातलेला पांढराशुभ्र, घट्ट साखरेचा पाक चमच्यावर घ्यायचा आणि तो चमचा थंड पाण्याच्या पेल्यात बुडवायचा. चमचा चाटायचा, पुन्हा बुडवायचा, शेवटी गोडसर पाणी पिऊन टाकायचं. दारी आलेल्या पाहुण्यापुढे चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी ठेवायची तिथे जुनी रीत आहे. आपल्याकडचं गूळ-पाणीच की हे! मुरांब्याला फळंही घरचीच. किऑस शहराजवळ कांबोस नावाचा भाग आहे, तिथे उंच दगडी भिंतींच्या आत संत्र्यांच्या जातीच्या बागा आहेत आणि विहिरींवर जुने रहाट.

समुद्र राहिलाच की! दक्षिण टोकाला एंबोरियोस नावाचं चिमुकलं बंदर आहे. त्याच्या शेजारचा किनारा काळा कुळकुळीत. वाळू नाहीच, सगळे गुळगुळीत काळे गोटे, काही अंड्याएवढे, काही बोराएवढे. फार फार पूर्वी इथे ज्वालामुखी जागा होता, त्याच्या दगडांना समुद्राने घासून घासून असं केलं. लाट मागे जाते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात. दुपारी अनवाणी जाल तर पाय भाजतील. आणि खिशात एक गोटा टाकाल तर तेही चालणार नाही, तिथून दगड न्यायला बंदी आहे.

एक ठिकाण मात्र मी माझ्यासाठी राखून ठेवलं आहे. उत्तरेला व्रोंदादोस गावाजवळ समुद्राकाठी एक खडक आहे. तिथे बसून महाकवी होमर मुलांना शिकवत असे, असं लोक सांगतात. खडकाचं नाव 'दास्कालोपेत्रा', म्हणजे गुरुजींचा दगड. फळा नाही, हजेरीपट नाही, समोर निळा समुद्र! असो.

2012 च्या ऑगस्टमध्ये किऑसवर मोठा वणवा लागला. वारा सुटलेला, रान वाळलेलं. कित्येक दिवस बेट जळत होतं. मस्तकीच्या कितीतरी बागा त्यात गेल्या. नेमका तो चीक वेचायचा महिना. गहू जळला तर पुढच्या वर्षी पेरता येतो. मस्तकीचं झाड लावल्यावर पाच-सहा वर्षं चिकाचा थेंब देत नाही, आणि भरात यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. साठी उलटलेल्या शेतकऱ्याने अशा वेळी काय करायचं? काहींच्या जळक्या बुंध्यांना मुळाशी नवे कोंब फुटले. इतरांनी जुन्या झाडांच्या फांद्या आणून पुन्हा लावल्या. 2014 साली युनेस्कोने मस्तकी पिकवण्याच्या या कौशल्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, 2016 मध्ये पिर्गीजवळ मस्तकीचं संग्रहालय उघडलं. 2025 च्या जूनमध्ये बेटावर पुन्हा मोठा वणवा भडकला. वणव्यानंतर 2013 च्या सुमारास लावलेली झाडं आता कुठे भरात येताहेत.

वर्गात ही हकिकत संपली तेव्हा ओठावर डाग असलेल्या आमच्या त्या पठ्ठ्याने हात वर केला. "बाई, तो चीक आपल्याला बघायला मिळेल?"

मिळतो! आपल्याकडे युनानी औषधांच्या दुकानांत 'रुमी मस्तकी' मिळते, ती हीच. मी एक छोटी पुडी आणली. आत फिकट पिवळे, साखरेच्या खड्यांसारखे तुकडे. ते आम्ही बाकाबाकावरून फिरवले. कोणी म्हणालं, देवळासारखा वास येतो. कोणी म्हणालं, दवाखान्यासारखा. एक कणभर तुकडा मी स्वतः चघळून पाहिला. आधी त्याची दाताखाली भुकटी झाली, चव कडसर लागली, आणि मिनिटभराने तोच तोंडात मऊ, पांढऱ्या च्युइंगगमसारखा झाला.

"बाई, वर्गात च्युइंगगम?" मागच्या बाकावरून आवाज आला.

पुडी मुकाट्याने कपाटात गेली. अजून ते कपाट उघडलं की वास येतो.