चित्रपट शिकावयाचा म्हणजे काय शिकावयाचें?

गेल्या उन्हाळ्यांत बारावीचा निकाल लागल्यावर आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांस घेऊन मजकडे आला. वडील म्हणाले, "सर, याला म्हणे सिनेमा शिकावयाचा आहे. सिनेमा पाहावयाचा असतो. तो कोणी शिकतें काय? तुमचें हा ऐकेल. याला दोन शब्द सांगा."

असे दोन शब्द सांगण्याचा प्रसंग मजवर पूर्वीहि एकदां आला होता. वीस वर्षांपूर्वीं मी या शाळेंत नुकताच लागलों होतों. त्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांतील एका नाटिकेंत पावसाचा प्रवेश होता. नववींतील एका मुलानें पडद्यामागें बसून सुपांत तांदूळ घोळवून असा कांहीं पाऊस पाडला कीं, मागील रांगांतील पालकांनीं खिडक्यांकडे माना वळविल्या. दुसऱ्या दिवशीं तो मला विचारूं लागला, "सर, हें काम कोठें शिकवितात काय?" मी हंसलों आणि म्हणालों, "हे खेळ आतां पुरे. गणिताकडे लक्ष दे." तें काम शिकविणारी संस्था आपल्याच पुण्यांत आहे हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक करून घेण्याची तसदीहि मीं घेतली नाहीं. तो मुलगा आज एका दुकानाचे हिशेब लिहितो व सुखानें संसार करतो. त्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. तथापि तो भेटला म्हणजे मला त्या सुपाची आठवण होते. म्हणून या वेळीं मीं त्या गृहस्थांकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि या विषयाची जी माहिती मिळविली ती आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, चित्रपट ही कला नवी असली तरी ती शिकण्याची धडपड तिच्याइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि आपल्या पुराणांतील कथा अशाच पडद्यावर आणावयाच्या असा निश्चय केला, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तत्पूर्वीं त्यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें होतें, छायाचित्रण व मुद्रण यांत हात मुरविला होता, आणि निश्चय झाल्यावर १९१२ सालीं विलायतेस जाऊन कॅमेरा विकत घेतला व हा उद्योग कसा चालतो तें डोळ्यांनीं पाहिलें, एवढा भाग सांगावयाचा बहुधा राहून जातो. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हा केवळ उत्साहाचा चमत्कार नव्हे. तो शिकलेल्या माणसाचा उद्योग होय.

पुढें कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तेथें उमेदवारी केलेले दामले, फत्तेलाल व शांताराम यांनीं अन्य सहकाऱ्यांबरोबर १९२९ सालीं प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १९३३ सालीं ती पुण्यास आली, आणि तिच्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या बोलपटाचा पुढील वर्षीं व्हेनिस येथील महोत्सवांत गौरव झाला. गुरूच्या हाताखालीं राबून शिकण्याची ही रीति निष्फळ होती असें कोण म्हणेल? मात्र तींत एक उणीव होती. ज्याची ओळख असेल त्यासच दार उघडे, आणि गुरूस जेवढें येई तेवढेंच शिष्यास मिळे.

ही उणीव इतर देशांनीं आधीं ओळखली. मॉस्को येथें १९१९ सालीं चित्रपटाचें सरकारी विद्यालय निघालें. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९२९ सालीं या विषयाचें अध्यापन सुरू केलें. आपल्याकडे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५१ सालच्या अहवालांत अशा संस्थेची शिफारस केली, आणि १९६० सालीं केंद्र सरकारनें ती पुण्यांत स्थापन केली. प्रभात कंपनी तोंवर बंद पडली होती. तिचीच जागा व तिचेच विस्तीर्ण स्टुडिओ या संस्थेच्या वांट्यास आले. १९७४ सालीं टेलिव्हिजनचें शिक्षण देणारा विभागहि दिल्लीहून येथें आला. हीच 'फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया'. पुढें दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठांत १९८२ सालीं या विषयाशीं निगडित केंद्र निघालें, आणि कलकत्त्यास सत्यजित राय यांच्या नांवानें १९९५ सालीं दुसरी सरकारी संस्था उभी राहिली. मुंबईंत तर जेझुइट पाद्र्यांनीं सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारांत १९६९ सालींच संज्ञापनविद्येची संस्था काढली होती. तेव्हां हा विषय सभ्य घरांत न शोभणारा आहे असें मानण्यास आधार नाहीं.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, तेथें शिकवितात तरी काय? पुण्याच्या संस्थेंत आजवरच्या रचनेप्रमाणें दिग्दर्शन व पटकथा, छायालेखन, संकलन, ध्वनिलेखन आणि कलादिग्दर्शन अशा शाखा असून चित्रपटाचा मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तर टेलिव्हिजनचा एक वर्षाचा आहे. आरंभींच्या काळांत चित्रपटाच्या सर्व शाखांचे विद्यार्थी एकत्र शिकतात. ज्यास पुढें केवळ ध्वनीचें काम करावयाचें आहे त्यानेंहि कॅमेरा हातीं धरावयाचा, आणि ज्यास दिग्दर्शक व्हावयाचें आहे त्यानेंहि ध्वनिग्राहकाची काठी धरून उभें राहावयाचें. कारण चित्रपट हें एकट्याचें काम नव्हे. आणि शेजारी काय करतो हें ज्यास समजत नाहीं, त्यास त्याजकडून काम करून घेतां येत नाहीं.

पहिला पाठ असतो पाहण्याचा. पडद्यावर आपणांस जी हालचाल दिसते ती वास्तविक स्थिर चित्रांची मालिका होय. चित्रपटांत अशीं चित्रें दर सेकंदास २४, म्हणजे मिनिटास १४४० असतात. तीं नुसतीं टिपलीं म्हणजे कथा होत नाहीं. कोणत्या चित्रामागून कोणतें ठेवावें यांतच अर्थ उत्पन्न होतो. मॉस्कोच्या विद्यालयांतील कुलेशोव्ह नामक अध्यापकाचा या बाबतींतील प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यानें मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचें एकच चित्र घेतलें, आणि तें एकदां गरम सुपाच्या ताटलीला, एकदां शवपेटिकेंतील प्रेताला व एकदां खेळणाऱ्या बालिकेला जोडून दाखविलें. प्रेक्षकांस त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि वात्सल्य हीं तिन्हीं दिसलीं, आणि त्यांनीं नटाची वाहवा केली, असें सांगतात. नटानें कांहींच केलें नव्हतें. जें झालें तें प्रेक्षकांच्या मनांत झालें. संकलनशाखेचा विद्यार्थी जें शिकतो त्याचें बीज या एका प्रयोगांत आहे. त्या काळीं रशियांत कोऱ्या फिल्मची इतकी टंचाई होती कीं, कुलेशोव्हचे विद्यार्थी जुन्याच चित्रपटांचे तुकडे कापून व जोडून अभ्यास करीत. साधनें नाहींत म्हणून हळहळणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

दुसरा पाठ दिशेचा. समजा, शाळेच्या व्हरांड्यांत दोन मुलें समोरासमोर बोलत उभीं आहेत. त्यांच्यामध्यें एक रेघ आहे अशी कल्पना करा. कॅमेरा सर्व वेळ त्या रेघेच्या एकाच बाजूस राहिला, तर एक मुलगा उजवीकडे व दुसरा डावीकडे पाहतो, आणि तीं एकमेकांशीं बोलत आहेत हें सहज कळतें. मध्येंच कॅमेरा पलीकडे नेला, तर दोघेहि एकाच दिशेस पाहूं लागतात व प्रेक्षक गोंधळतो. फुटबॉलचा सामना दाखवितांना मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूस ठेवतात तें याचसाठीं. नाहीं तर संघ कोणत्या गोलाकडे धांवत आहे तेंच कळणार नाहीं. हा नियम मोडतांहि येतो, परंतु ज्यास तो माहीत आहे त्यासच.

तिसरा पाठ ऐकण्याचा. आणि येथें माझा तो सूपवाला विद्यार्थी मला पुनः भेटला. चित्रपटांत चित्र व ध्वनि हीं बहुधा निरनिराळ्या यंत्रांवर टिपतात. चित्रीकरणापूर्वीं एक मनुष्य पाटीवरील फळी आपटतो, हें तुम्हीं पाहिलें असेल. तो कांहीं विधि नव्हे. ज्या चित्रांत फळी मिटलेली दिसते आणि ज्या क्षणीं तिचा 'टक्' असा आवाज ऐकूं येतो, तीं दोन्हीं एकत्र आणलीं कीं पुढील सारें चित्र व सारा ध्वनि जुळतो. शिवाय पुष्कळ आवाज मागाहून निराळ्या खोलींत निर्माण करतात. पावलें, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे आवाज पडद्यावरील चित्र पाहत पाहत माणसें हातांनीं काढतात. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा काढण्याची युक्ति तर फार जुनी आहे. ज्यास मीं खेळ म्हटलें, त्याचें स्वतंत्र शास्त्र आहे व त्यावर माणसें पोट भरतात. याच संस्थेंत ध्वनिलेखन शिकलेले रेसूल पूकुट्टी यांस २००९ सालीं 'स्लमडॉग मिलेनियर' या चित्रपटासाठीं ऑस्कर पारितोषिक मिळालें.

टेलिव्हिजनची रीति थोडी निराळी आहे. चित्रपटांत तुकडे आधीं जमवितात व मागाहून निवांतपणें जोडतात. टेलिव्हिजनच्या स्टुडिओंत तीन-चार कॅमेरे एकाच वेळीं चालूं असतात, नियंत्रणकक्षांत त्यांचीं चित्रें शेजारीं शेजारीं दिसतात, आणि या क्षणीं प्रेक्षकांस कोणतें दाखवावयाचें हें निर्मात्यास तत्क्षणीं ठरवावें लागतें. प्रक्षेपण थेट असेल तर झालेली चूक परत घेतां येत नाहीं. एकीकडे धीर शिकावा लागतो, दुसरीकडे प्रसंगावधान.

परंतु यंत्रें व युक्त्या येवढ्यांनीं शिक्षण पुरें होत नाहीं. या संस्थेच्या जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, व पी. के. नायर यांच्या आयुष्यभराच्या श्रमानें तें समृद्ध झालें. जगांतील उत्तम चित्रपट पुनःपुनः पाहणें व त्यांवर वाद करणें हा अभ्यासाचाच भाग होय. १९६५ च्या सुमारास बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक हे संस्थेचे उपप्राचार्य होते. आवारांतील एका आंब्याच्या झाडाखालीं ते विद्यार्थ्यांस घेऊन बसत; त्या झाडास अद्यापि 'विज्डम ट्री', म्हणजे ज्ञानवृक्ष, म्हणतात. विद्यार्थ्यानें केलेली चित्रकृति गुरुजनांपुढें व सोबत्यांपुढें दाखवितात, आणि ते जें बोलतील तें कर्त्यास ऐकून घ्यावें लागतें. आपल्या निबंधावर तांबड्या शाईच्या दोन रेघा पडल्या तर आपण रुसतों; येथें महिनोन्‌महिने केलेल्या कामावर चारचौघांसमक्ष टीका होते. ती सोसण्याची व तींतून शिकण्याची संवय हीच मला या शिक्षणाची मोठी प्राप्ति वाटते. केरळचे अडूर गोपालकृष्णन्, कर्नाटकाचे गिरीश कासरवल्ली, आपल्याकडे 'वळू' व 'देऊळ' हे चित्रपट करणारे उमेश कुलकर्णी, आणि २०२४ सालीं कान येथील महोत्सवांत ग्रां प्री हें मानाचें पारितोषिक मिळविणाऱ्या पायल कपाडिया हीं सारीं याच शिस्तींतून गेलेलीं आहेत.

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं, तेथें प्रवेश मिळाला म्हणजे कीर्ति व पैसा दारांत उभे राहतात. मुख्य अभ्यासक्रमांस पदवीधरांसच घेतात, प्रवेशपरीक्षा कठीण आहे व जागा थोड्या आहेत. बाहेर पडल्यावर महिन्याच्या महिन्यास पगार मिळेलच असें नाहीं. एक काम संपलें कीं दुसरें शोधावें लागतें. ज्या नांवांचा मीं उल्लेख केला त्यांच्यामागें, ज्यांचीं नांवें चित्रपटाच्या शेवटीं आपण उठून जात असतांना पडद्यावरून सरकतात, अशीं शेंकडों माणसें आहेत. ज्यास आपलें नांव तेथें असण्यांत समाधान आहे त्यानें या वाटेस जावें. ज्यास केवळ आपला चेहरा लोकांनीं पाहावा असें वाटतें, त्यानें आधीं आपल्या मनास चार प्रश्न विचारावे.

आठ दिवसांनीं पितापुत्र पुनः आले तेव्हां मीं त्यांस हेंच सांगितलें. मुलास म्हणालों, "आधीं पदवी घे. ध्वनिलेखनाकडे ओढा असेल तर पदार्थविज्ञान सोडूं नकोस. दिग्दर्शनाकडे असेल तर इतिहास, वाङ्मय, जें घेशील तें मनापासून वाच. तीन वर्षें वायां जात नाहींत. सांगण्यासारखें कांहीं आपल्याजवळ असावें लागतें, तें त्यांत मिळतें." वडील कांहीं वेळ गप्प बसले, नंतर म्हणाले, "पदवी होईपर्यंत याचा हट्ट टिकला, तर मी आडवा येणार नाहीं." मला वाटतें, बापानें याहून अधिक काय द्यावें?

विद्यार्थी मित्रहो, ज्यांस या विद्येची गोडी आहे त्यांनीं पदवीचीहि वाट पाहण्याचें कारण नाहीं. शाळा सुटल्याची घंटा होते तो एकच प्रसंग घ्या व तो सहा चित्रांत कागदावर काढा. कोणतें चित्र आधीं व कोणतें मागून, याचा विचार करा. घरांतील मोबाइल फोनवर आपल्या आजीचें एक मिनिटाचें चित्रण करा, पण त्यांत एकहि शब्द नसूं द्या, आणि तरी आजी कशी आहे हें पाहणारास कळूं द्या. डोळे मिटून पांच मिनिटें बसा व कानांवर आलेले सर्व आवाज वहींत लिहून काढा. यांतलें कांहीं साधलें तर मजकडे घेऊन या. मला त्यांतलें फारसें कळणार नाहीं. परंतु तें कोठें शिकवितात असें कोणीं विचारलें, तर आतां मला सांगतां येईल.