धावत्या गाडीतून काढलेला फोटो

आमच्या रोहिणखेडच्या घरात एका जुन्या वहीत एक फोटो जपून ठेवलेला आहे. पोस्टकार्ड साइजचा, रंगीत. पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. खाली मातकट पट्टा, वर हिरवा पट्टा आणि त्या हिरव्यावर ब्रश ओढल्यासारखा एक पांढुरका ओरखडा. तो ओरखडा म्हणजे आमची आजी.

साल १९९३. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आमच्या वस्तीतली माणसे नागपूरला निघाली होती. गावापासून मलकापूर स्टेशनपर्यंत जीप आणि तिथून पुढे रेल्वे. आजी आली नाही. कपाशीची पहिली वेचणी लागली होती आणि तीन-चार दिवसांची मजुरी बुडवणे तिला परवडणारे नव्हते. "तुम्ही जा रे बाप्पा, माझा जयभीम सांगजा तिथं," एवढे म्हणून ती सकाळीच वावरात गेली. आमची जीप त्या वावराजवळून निघाली तेव्हा ती धुऱ्यावर येऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. आमच्या हाती एका मित्राकडून मागून आणलेला साधा कॅमेरा होता. घाईने खिडकीतून बटण दाबले. रोल धुऊन आला तेव्हा हा ओरखडा हाती पडला.

दोन वर्षांनी आजी गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिचा फोटो ठेवावा म्हणून आम्ही घरातल्या सगळ्या ट्रंका उपसल्या. तिच्या लग्नाच्या काळी आपल्या वस्तीत कॅमेरा कुणी पाहिलाही नव्हता आणि मतदार ओळखपत्राचे फोटो काढणारी माणसे गावात येण्याआधीच ती गेली होती. शेवटी हाच फोटो घेऊन एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "यात माणूस आहे हे तुम्ही सांगितलं म्हणून कळलं."

बरीच वर्षे आम्ही दोष कॅमेऱ्याला देत होतो. तो कॅमेऱ्याचा नव्हता. वाचकहो, हा हिशेब एकदा समजून घ्या, फार अवघड नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. त्या जुन्या साध्या कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाएवढी उघडी राहत असे. तेवढ्यात जीप १० सेंटीमीटर सरकली. म्हणजे दोन-तीन मीटरवर उभ्या असलेल्या आजीचा चेहरा फोटोत जवळजवळ एका चेहऱ्याच्या रुंदीएवढा फरफटला! आता तीच झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच उघडली असती तर जीप एकच सेंटीमीटर सरकली असती आणि निदान चेहरा चेहरा म्हणून ओळखू आला असता.

हिशेबाची दुसरी बाजू अंतराची आहे. गाडी तेवढीच सरकते, पण तीन मीटरवरचे झाड जेवढे पुसले जाते, त्याच्या शंभरावा भागच तीनशे मीटरवरची टेकडी पुसली जाते. म्हणून गाडीतून काढलेल्या फोटोत डोंगर स्वच्छ येतो आणि रस्त्याकडेचा बाभळीचा फांदोरा झाडू मारल्यासारखा दिसतो. तिसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली, आणि खरी गोम तिच्यातच आहे. अगदी बाजूला आलेली वस्तू सर्वांत जोरात पळते. तीच वस्तू गाडीच्या पुढे लांब असताना किंवा मागे पडल्यावर जवळजवळ जागच्या जागी दिसते, फक्त मोठी किंवा लहान होत जाते. जीप आजीच्या पुढून गेल्यावर मागच्या बाजूने, दहा-पंधरा पावलांवरून आम्ही बटण दाबले असते, तर त्या साध्या कॅमेऱ्यातही ती उमटली असती.

तशी चालत्या वाहनातून चित्र टिपण्याची हौस जुनी आहे. १८९६ साली फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचा माणूस, आलेक्सांद्र प्रोमियो, याने व्हेनिस शहरात नावेत कॅमेरा ठेवून काठावरच्या इमारतींचे चलच्चित्र घेतले. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला होता. प्रोमियोची नाव संथ होती आणि पाण्यात खड्डे नसतात. आमच्या रस्त्यांची गोष्ट वेगळी.

आज घरोघरी मोबाइल आहे, रोलचा खर्च नाही, त्यामुळे हात मोकळा झाला आहे. भर उन्हात मोबाइलची झडप आपोआप फार कमी वेळ उघडते, म्हणून दिवसाचे फोटो बरे येतात. दिवेलागणीला मात्र तीच झडप रेंगाळते आणि सगळे पुसते. काही मोबाइलमध्ये 'प्रो' नावाची सोय असते, तिच्यात शटर १/१००० वर ठेवावे. ती नसेल तर उजेड आहे तोवरच फोटो काढावेत. रात्रीसाठी दिलेला 'नाइट मोड' चालत्या गाडीत लावू नये. तो अनेक चित्रे एकावर एक रचतो, आणि गाडी हलत असल्यामुळे एका झाडाची चार झाडे होतात. काचेआडून फ्लॅश मारला तर फ्लॅशचाच फोटो येतो. एखाद्या फोटोत विजेचे खांब तिरके दिसले तर घाबरू नये. मोबाइल चित्र एका झटक्यात न घेता एकेक ओळ करून घेतो, तेवढ्यात खांब सरकलेला असतो.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना हा सगळा अभ्यास फुकटात करता येतो. घाटात एस.टी. हळू चालते आणि दरी लांब असते, म्हणजे दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या. पावसाळ्यात, डोंगर हिरवे झाल्यावर, यासारखी जागा आमच्या भागात दुसरी नाही. गाडी एकूण उत्तरेकडे जाते, म्हणून सकाळच्या गाडीत डावीकडची खिडकी धरावी, ऊन पाठीशी राहते. वळणावर हा नियम घडीघडी मोडतो, पण वळणावरच गाडी सर्वांत मंद होते आणि मधला कठडाही बाजूला होतो. बटण तिथेच दाबावे. मागच्या चाकावरचे सीट टाळावे, तिथे आतडी हलतात तिथे मोबाइलचे काय! गाडीच्या पत्र्याला किंवा दांड्याला कोपर टेकवू नये, सगळी थरथर हातात उतरते. कोपरे बरगडीला लावून धरावेत. काच बंद असेल तर ती आधी ओल्या फडक्याने पुसावी, मोबाइल काचेच्या अगदी जवळ न्यावा पण टेकवू नये, आणि ओढणी किंवा रुमालाचा आडोसा करावा, म्हणजे आपलाच चेहरा काचेत उमटत नाही. मोबाइलने काचेवरचे ओरखडे धरू नयेत म्हणून पडद्यावर लांबच्या डोंगरावर बोट दाबून ठेवावे.

बैलगाडी किंवा सायकलवाला टिपायचा असेल तर गाडी पुढे जाते तसा मोबाइल मागे वळवत त्याच्यावर नजर ठेवावी आणि वळवता वळवताच बटण दाबावे. दहातला एक साधतो. आमच्या गावची १५८२ सालची मशीद मात्र गाडीतून टिपण्याची गोष्ट नाही. तिच्यासाठी खाली उतरून पायी जावे, दगडावरचे काम डोळे भरून पाहावे आणि मग फोटो काढावा.

एक गोष्ट दटावून सांगतो. फोटोसाठी खिडकीबाहेर हात काढू नका, समोरून येणारा ट्रक फोटो संपण्याची वाट पाहत नाही. रेल्वेच्या दारात, पायरीवर उभे राहून मोबाइल धरणारी आपलीच तरुण पोरे आम्ही दरवर्षी ऑक्टोबरात आणि डिसेंबरात पाहतो. पायरीवरून प्रवास हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षा रुळाकडेचा खांब कठोर असतो. मुंबईजवळ तर रुळाशेजारी उभे राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणारी टोळकी आहेत, त्यांना लोक 'फटका गँग' म्हणतात. गाडी चालवणाऱ्याने मोबाइलला हातच लावू नये, हे सांगायलाही नको.

२०२३ साली आमच्या धाकट्या भावाची मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी निघाली. आजीच्या ओरखड्याची गोष्ट घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली. पोरीने गाडी यायच्या आधीच अंगणात उभ्याने आईचे दोन फोटो काढून घेतले. वहिनी वैतागली, "पुरे झालं, भाजी करपते माझी." मग काळी-पिवळी आली आणि पोरगी मुद्दाम मागच्या बाकावर, मागे तोंड करून बसली. ड्रायव्हरला म्हणाली, "काका, वळणापर्यंत जरा हळू घ्या." तो हसला, पण हळू घेतली. वहिनी रस्त्यावर येऊन उभी राहिली. गाडी वहिनीच्या पुढून गेली तेव्हा पोरीने मोबाइल धरला होता, पण बटण दाबले नाही. पाच-सहा खांब मागे पडल्यावर दाबून धरले आणि एका दमात अकरा फोटो निघाले.

दहा फोटो वाया गेले. काहींत समोरच्या प्रवाशाचा खांदा, काहींत नुसती धूळ, एकात मागून आलेली मोटारसायकल. अकराव्यात वहिनी आहे. लहान आहे, पण चेहरा ओळखू येतो. डोक्यावर पदर, एक हात वर, दुसऱ्या हातात भाजीचा झारा. घाईत तो ठेवायचाच राहिला होता.

तो फोटो आम्ही पोस्टकार्ड साइजचा करून आणला आणि आजीच्या वहीत शेजारच्या पानावर ठेवला. वहिनीचे म्हणणे एवढेच, की आधी सांगितले असते तर ती चांगले पातळ नेसून आली असती.