गौरवाची जागा : एका विद्यापीठाने आपले खेळाडू व प्रशिक्षक कसे स्मरणात ठेवले

शिक्षणसंस्था आपल्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव करते, तेव्हा ती केवळ त्या व्यक्तींविषयी बोलत नसते. कोणाचे नाव भिंतीवर कोरावे, कोणाचे छायाचित्र दालनात लावावे, कोणत्या इमारतीस कोणाचे नाव द्यावे, या निर्णयांतून ती संस्था स्वतःचा इतिहास लिहीत असते. इतिहासाच्या अभ्यासकास म्हणूनच अशा गौरवस्थळांचे महत्त्व कागदपत्रांइतकेच वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही एका विद्यापीठाचे उदाहरण घेऊन हा विषय उलगडून पाहणार आहोत.

अमेरिकेतील विद्यापीठांत माजी खेळाडू व प्रशिक्षक यांच्या सन्मानाची परंपरा जुनी आहे. बहुतेक ठिकाणी ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजे गौरवदालन असते. खेळाडूने विद्यापीठ सोडल्यावर काही वर्षे जाऊ दिली जातात, मग एक समिती नावांचा विचार करते आणि निवड झालेल्यांचा समारंभपूर्वक समावेश होतो. याखेरीज क्रीडांगणास वा इमारतीस नाव देणे आणि पुतळा वा स्मारक उभारणे, हेही मार्ग आहेत. कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे येथील विद्यापीठात नाव दिलेली इमारत, नाव दिलेले क्रीडांगण आणि स्मारक ही तिन्ही पाहावयास मिळाली. त्यांची कथा मात्र तीन निरनिराळ्या प्रकारची आहे.

या विद्यापीठाचे मूळ १८५७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या, शिक्षक घडविणाऱ्या एका सायंशाळेत आहे. १८७१ मध्ये ती संस्था सॅन होजे येथे आली. श्रीमंतांच्या मुलांसाठी काढलेले हे विद्यापीठ नव्हते. शेतमजुरांची, स्थलांतरितांची, कृष्णवर्णीयांची मुले येथे येऊ शकली. खेळाच्या इतिहासात या संस्थेचे नाव ज्यांच्यामुळे झाले, ते बहुतेक अशाच घरांतून आलेले होते.

इमारत : योशिहिरो उचिदा

योशिहिरो उचिदा यांचा जन्म १९२० साली कॅलिफोर्नियात जपानी स्थलांतरितांच्या पोटी झाला. १९४० मध्ये ते सॅन होजे येथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि तेथे ज्यूदो शिकवू लागले. पुढच्याच वर्षी जपान व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. उचिदा अमेरिकन सैन्यात भरती झाले. इकडे फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला आणि त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून काटेरी तारांच्या आतील छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. मुलगा अमेरिकेच्या सैन्यात आणि त्याचे कुटुंब अमेरिकेच्याच कैदेत, अशी उचिदांची स्थिती झाली.

सॅन होजे परिसरातील जपानी कुटुंबांना छावण्यांत पाठविण्यापूर्वी त्यांची नोंदणी जेथे झाली, ती जागा म्हणजे या महाविद्यालयाची व्यायामशाळा. जेथे विद्यार्थी कसरत करीत, तेथे माणसांना रांगेत उभे करून त्यांची नावे लिहून घेण्यात आली.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये उचिदा परत आले आणि त्यांनी पुन्हा ज्यूदो शिकविण्यास प्रारंभ केला. त्या काळी अमेरिकेत ज्यूदोला विद्यापीठीय खेळ म्हणून मान्यता नव्हती. जपानी पद्धतीत लहानमोठे सारे एकमेकांशी लढत. उचिदा आणि बर्कले येथील हेन्री स्टोन यांनी वजनगटांची पद्धत पुढे आणली. १९५३ साली अमेरिकेतील हौशी खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने ज्यूदोस मान्यता दिली. १९६२ मध्ये पहिली राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली व ती सॅन होजेने जिंकली. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथम समावेश झाला, तेव्हा अमेरिकन संघाचे प्रशिक्षक उचिदाच होते. त्या चार जणांच्या संघात एक ज्यू, एक कृष्णवर्णीय, एक मूलनिवासी आणि एक जपानी वंशाचा खेळाडू होता. यांपैकी मूलनिवासी खेळाडू बेन कॅम्पबेल हे सॅन होजेचेच विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले.

१९९७ साली विद्यापीठाने त्या जुन्या व्यायामशाळेच्या इमारतीस ‘योशिहिरो उचिदा हॉल’ असे नाव दिले. ज्या छताखाली त्यांच्या समाजाची कैदेसाठी नोंदणी झाली, त्याच छताखाली त्यांचे विद्यार्थी आज सराव करतात. २०२४ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी उचिदा निवर्तले. संस्था त्यांच्यासाठी नवी इमारत बांधू शकली असती, परंतु जुन्याच इमारतीस त्यांचे नाव दिल्यामुळे अन्यायाची जागा आणि गौरवाची जागा एकच झाली. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यास एक गोष्ट सांगताना दुसरी लपवता येत नाही.

क्रीडांगण : बड विंटर

दुसरी कथा लॉईड ‘बड’ विंटर या प्रशिक्षकाची. १९४१ ते १९७० या काळात ते सॅन होजेच्या धावपटूंचे मुख्य प्रशिक्षक होते. महायुद्धाच्या काळात नौदलाच्या वैमानिकांना ताणाखाली शरीर सैल कसे ठेवावे, हे शिकविण्याचे काम त्यांनी केले होते. तीच पद्धत त्यांनी धावपटूंना लावली. जोर लावताना धावपटूचा जबडा आवळतो, मुठी घट्ट होतात, खांदे वर येतात आणि त्यामुळे वेग कमी होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून जबडा सैल, हात सैल ठेवून धावा, असे ते शिकवीत.

त्या काळी दक्षिणेतील अनेक विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीयांसाठी बंद होते. विंटर यांनी अशा खेळाडूंना आपल्याकडे आणले. त्यांच्या हाताखाली २७ ऑलिंपिक खेळाडू घडले. वृत्तपत्रांनी सॅन होजेस ‘स्पीड सिटी’, म्हणजे वेगाचे शहर, असे नाव दिले. १९६९ मध्ये विद्यापीठाने मैदानी खेळांचे राष्ट्रीय विजेतेपदही मिळविले. ज्या क्रीडांगणावर हा सराव चाले, त्यास पुढे ‘बड विंटर फील्ड’ असे नाव देण्यात आले.

परंतु १९८८ साली खर्चाच्या कारणास्तव विद्यापीठाने पुरुषांचा मैदानी खेळांचा संघच बंद केला. क्रीडांगणावर नाव राहिले, पण त्या नावास अर्थ देणारे धावपटू उरले नाहीत. तीस वर्षांनी, मेक्सिको ऑलिंपिकच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, २०१८ मध्ये संघ पुन्हा सुरू झाला. मात्र जुने क्रीडांगण टिकले नाही. त्याची जागा पुढे बहुमजली वाहनतळाच्या प्रकल्पास गेली. प्रशिक्षकाचा खरा गौरव कशात असतो, याचा विचार येथे करावा लागतो. नामफलक लावून संस्था आपले ऋण फेडल्याचे समाधान मिळवू शकते, परंतु प्रशिक्षकाचे कार्य पुढच्या पिढीच्या सरावातच जिवंत राहते. सराव थांबला की नामफलकालाही कोणी वाली उरत नाही.

स्मारक : टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस

तिसरी कथा जगप्रसिद्ध आहे, तरी तिचा विद्यापीठाशी असलेला संबंध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. टॉमी स्मिथ हा टेक्सासमधील कापूस वेचणाऱ्या कुटुंबातील बारा भावंडांपैकी एक. जॉन कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. दोघेही सॅन होजेचे विद्यार्थी व विंटर यांचे शिष्य. त्याच महाविद्यालयात हॅरी एडवर्ड्स नावाचे तरुण कृष्णवर्णीय अध्यापक समाजशास्त्र शिकवीत होते. तेही तेथील माजी खेळाडू. कृष्णवर्णीय विद्यार्थी मैदानावर चालत, परंतु त्यांना गावात भाड्याने खोली मिळत नसे. १९६७ साली या भेदभावाविरुद्ध एडवर्ड्स यांनी आवाज उठविला आणि त्यातून ‘ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’ ही चळवळ उभी राहिली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेस ऑलिंपिकमधून वगळावे, अधिक कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमावेत, अशा तिच्या मागण्या होत्या.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको येथे स्मिथने २०० मीटर अंतर १९.८३ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. ऑस्ट्रेलियाचा श्वेतवर्णीय धावपटू पीटर नॉर्मन दुसरा, तर कार्लोस तिसरा आला. विजयमंचावर स्मिथ व कार्लोस बूट न घालता, गरिबीचे प्रतीक म्हणून काळे मोजे घालून उभे राहिले. राष्ट्रगीताच्या वेळी स्मिथने उजवी व कार्लोसने डावी, काळा हातमोजा घातलेली मूठ उंच केली. नॉर्मनने मूठ उंचावली नाही, पण त्या चळवळीचा बिल्ला त्यानेही छातीवर लावला होता.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या दडपणामुळे दोघांनाही अमेरिकन संघातून काढून क्रीडानगरीबाहेर पाठविण्यात आले. मायदेशी त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, कामे मिळेनाशी झाली. दोनच दिवसांनी सॅन होजेच्याच ली इव्हान्सने ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत धावून ४४ सेकंदांची मर्यादा प्रथमच ओलांडली. तो विक्रम जवळजवळ वीस वर्षे अबाधित राहिला. एका महाविद्यालयाने एका ऑलिंपिकमध्ये इतके काही दिले, तरी दीर्घ काळ त्याच्या प्रांगणात त्या दिवसाची खूण नव्हती.

ती खूण उभी राहावी, ही मागणी विद्यार्थ्यांतून आली. २००२ मध्ये एका विद्यार्थ्याने हा प्रस्ताव मांडला, विद्यार्थी संघटनेने तो उचलून धरला व निधी जमविला. रीगो २३ या नावाने काम करणाऱ्या पोर्तुगीज कलावंताने सुमारे २२ फूट उंचीचे स्मारक घडविले आणि १७ ऑक्टोबर २००५ रोजी, त्या घटनेनंतर ३७ वर्षांनी, त्याचे अनावरण झाले.

या स्मारकात स्मिथ व कार्लोस आहेत, दुसऱ्या क्रमांकाची पायरी मात्र रिकामी आहे. ती नॉर्मनच्याच इच्छेने रिकामी ठेवली गेली. येणाऱ्या कोणालाही त्या जागी उभे राहून या दोघांना साथ देता यावी, असे त्याचे म्हणणे होते. आज विद्यार्थी त्या पायरीवर उभे राहतात. नॉर्मन स्वतः अनावरणास उपस्थित होता. पुढच्याच वर्षी मेलबर्न येथे त्याचे निधन झाले, तेव्हा स्मिथ व कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीस खांदा दिला. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने या दोघांना आपल्या गौरवदालनात स्थान दिले ते २०१९ साली, म्हणजे विद्यापीठाच्याही चौदा वर्षांनंतर.

यातून काय घ्यावे ?

या तीन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट, गौरव वेळेवर व्हावा. उचिदा हयात असताना इमारतीस नाव मिळाले, स्मिथ व कार्लोस यांना मात्र तारुण्य ओसरेपर्यंत वाट पाहावी लागली. ज्या काळात माणसास आधाराची गरज असते, त्या काळात संस्था गप्प राहिली, तर पुढचा पुतळा कितीही उंच असला तरी मधली वर्षे भरून निघत नाहीत.

दुसरी गोष्ट, गौरव पूर्ण व्हावा. केवळ सेकंद आणि पदके नोंदविली, तर स्मिथ हा एक वेगवान धावपटू एवढाच उरतो. त्याने विजयमंचावर काय केले व त्याची कोणती किंमत मोजली, हे लिहिल्यावरच त्याचे जीवन समजते. जी संस्था खेळाडूचे पदक घेते आणि त्याचा प्रश्न गाळते, ती त्याचा अर्धाच स्वीकार करते.

तिसरी गोष्ट, प्रशिक्षकाची आठवण चालू कार्याने ठेवावी. उचिदांचा ज्यूदो चालू राहिला, म्हणून त्यांच्या नावाची इमारत सजीव आहे. विंटर यांच्या नावाचे काय झाले, ते वर सांगितले आहे.

चौथी गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची वाटते. सॅन होजेचे स्मारक विद्यार्थ्याने मागितले म्हणून उभे राहिले. आपल्या संस्थेत पूर्वी कोण होऊन गेले, त्यांनी काय सोसले, हे विचारण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या विद्यार्थ्यासही आहे.

आमच्या निवासी शाळेची ही स्मरणिका हाही गौरवाचाच एक प्रकार आहे. ज्यांनी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या मैदानावर शाळेचे नाव नेले, त्यांची नावे अशा ग्रंथांत येतातच. त्यांच्यासोबत हेही लिहिले जावे, असे आम्हांस वाटते की बूट नसताना कोण अनवाणी धावले, वसतिगृहातील मुलांना पहाटे उठवून मैदानावर कोणी नेले, खेळ सोडून कोणास मजुरीस जावे लागले. ही माणसे आज हयात आहेत, त्यांच्याकडे जाऊन विचारता येते. हे काम पुढील अंकाची वाट न पाहता याच वर्षी हाती घ्यावे.