डोळे उघडले, मेंदू अजून वाटेत

एक माणूस दवाखान्यातल्या खुर्चीत बसून चहा-सँडविच घेतोय. डोळे उघडे, बोलणं स्वच्छ. डॉक्टर येतात, मोठ्या आतड्याच्या तपासणीत काय दिसलं ते सांगतात. तो नीट ऐकतो, एक-दोन नेमके प्रश्न विचारतो, हसून आभार मानतो. आणि संध्याकाळी घरी बायकोला विचारतो, "डॉक्टर भेटायला आलेच नाहीत का गं?"

तो खोटं बोलत नाही आणि विसरभोळाही नाही. तपासणीसाठी दिलेल्या गुंगीमुळे ती भेट त्याच्या मेंदूत नोंदलीच गेलेली नाही!

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या ओटाहुहुत मिडलमोर हॉस्पिटल आहे. 1947 पासून सुरू असलेलं हे मोठं सरकारी रुग्णालय. आजूबाजूला, ओटाहुहुत आणि शेजारच्या पापाटोएटोएत, भारतीय वस्ती भरपूर आणि तिच्यात मराठी घरंही आहेत. न्यूझीलंडमधल्या अशा कुठल्याही रुग्णालयात गुंगी देऊन तपासणी करायची ठरली, की सूचनांमध्ये एक अट सहसा असते: तुम्हाला घरी न्यायला कुणी मोठं, जबाबदार माणूस हवं, ती रात्र तुमच्यासोबत कुणीतरी हवं आणि 24 तास गाडी चालवायची नाही. माणसाची सोय नसेल तर तपासणी पुढे ढकलली जाऊ शकते.

वाचणाऱ्याला वाटतं, झाली यांची कागदपत्रं सुरू! तपासणी अर्ध्या तासाची. मिडलमोर रेल्वे स्टेशन तर रुग्णालयाला अगदी लागून. पुढचं स्टेशन पापाटोएटोए. एवढ्याशा अंतराला सोबत कशाला? पण या अटीच्या पोटात रसायनशास्त्राची आणि मेंदूची अशी काही नवलं दडलेली आहेत, की ती कळल्यावर तुम्ही आपणहून सोबत शोधाल.

पहिलं नवल औषधाचं. गुंगीसाठी जगभर वापरलं जाणारं एक औषध म्हणजे मिडाझोलॅम. 1970 च्या दशकाच्या मध्यावर हॉफमन-ला रोश कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ते तयार केलं. त्यांच्यापुढचा पेच मोठा गमतीचा होता. शिरेतून द्यायचं औषध पाण्यात विरघळायला हवं. पण मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा असा कडक पहारा असतो, की तो ओलांडायला औषध चरबीत विरघळणारं असावं लागतं. पाण्यात विरघळणारं की चरबीत? दोन्ही एकाच वेळी कसं जमायचं? त्याआधीचं डायझेपाम पाण्यात विरघळत नसे, त्यामुळे ते वेगळ्या द्रावणातून द्यावं लागे आणि शिरेत आग होई.

मिडाझोलॅमनं हा पेच कसा सोडवला? रूप बदलून! काचेच्या कुपीतलं द्रावण आम्लधर्मी असतं. तिथे या रेणूतलं एक कडं उघडलेलं राहतं आणि औषध पाण्यात सहज मिसळतं. हाताच्या शिरेतून ते रक्तात शिरतं. रक्त किंचित अल्कधर्मी, त्यामुळे काही मिनिटांत ते कडं मिटतं आणि रेणू चरबीत विरघळणारा होतो. पहारा ओलांडून तो थेट मेंदूत. माणूस डॉक्टरांशी बोलत असतो, तेवढ्यात त्याच्या रक्तातल्या औषधाचा आकार बदलू लागलेला असतो.

मेंदूत गेल्यावर ते काय करतं? स्वतः जवळजवळ काहीच नाही. मेंदूकडे शांत करणारं स्वतःचं एक रसायन आहे, गाबा. ते पेशींच्या पडद्यावरची बारीक दारं उघडतं, क्लोराइडचे कण आत जातात आणि पेशी थंडावते. मिडाझोलॅम त्याच दारावर वेगळ्या जागी जाऊन चिकटतं आणि गाबानं साद घातली की दार अधिक वेळा उघडू देतं. मेंदूला तुमचं स्वतःचंच रसायन निजवत असतं. औषध फक्त त्याचं बळ वाढवतं.

आता त्या हरवलेल्या भेटीकडे येऊ. आठवण तयार होण्याचं मोठं काम मेंदूच्या आत, कानाच्या पातळीला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा वळणदार भाग करतो. हे जगाला कळलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे. 1953 साली त्याचे झटके थांबावेत म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. तो नंतरही हुशारीनं बोलायचा, कोडी सोडवायचा, विनोद करायचा. पण खोलीबाहेर जाऊन परत आलेल्या माणसाला तो नव्यानं भेटायचा. बोलणं आणि आठवण ठेवणं ही मेंदूची दोन वेगळी खाती आहेत, हे त्याच्यामुळे स्पष्ट झालं.

मिडाझोलॅम काही तासांपुरती नेमकी हीच फारकत करतं. माणूस "कुशीवर वळा" म्हटलं की वळतो, "दुखतंय का?" विचारलं की उत्तर देतो, पण नोंदवही बंद असते. तपासणीच्या वेळी हे वरदान आहे, कारण त्रास झाला तरी मागे राहत नाही. अडचण पुढे आहे. तपासणी संपते, बोलणं ताळ्यावर येतं, पण वही अजून उघडलेली नसते. "रक्त पडलं तर लगेच फोन करा", "ही गोळी आज घेऊ नका" ही सगळी महत्त्वाची वाक्यं नेमकी त्याच वेळात सांगितली जातात. म्हणून ती छापून हातात देतात आणि सोबतच्या माणसासमोर पुन्हा सांगतात. त्या दिवसापुरती तुमची स्मरणशक्ती दुसऱ्याच्या डोक्यात ठेवलेली असते.

दुसरं औषध पाहिलंत तर चकितच व्हाल. प्रोपोफॉल दुधासारखं पांढरंशुभ्र असतं, कारण ते सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनच्या मिश्रणात घोळलेलं असतं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन नावाच्या पशुवैद्यानं त्याचे गुण ओळखले. 1986 मध्ये ते बाजारात आलं आणि 2018 मध्ये ग्लेनना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. जनावरांच्या डॉक्टरनं माणसांची भूल बदलून टाकली!

प्रोपोफॉलनं माणूस अर्ध्या-एक मिनिटात झोपतो आणि औषध थांबवलं की काही मिनिटांत जागा होतो. इतक्या लवकर औषध शरीराबाहेर गेलं? छे! लग्नाच्या पंगतीतून पाहुणे उठले की मांडव रिकामा दिसतो, पण ते गावाला परतलेले नसतात. कुणी ओसरीवर असतं, कुणी माडीवर, कुणी शेजारच्यांच्या अंगणात. औषधाचंही तसंच. आधी ते भरपूर रक्तपुरवठा असलेल्या मेंदूत गर्दी करतं, मग तिथून उठून स्नायूंत आणि चरबीत पांगतं. मेंदूतलं प्रमाण उतरलं म्हणून डोळे उघडतात. अंगातलं औषध मात्र बरंचसं अजून घरातच असतं. यकृताचं काम तर अजून संपलेलं नसतं.

मिडाझोलॅमचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 2 तास लागतात. म्हणजे 4 तासांनी पाव, 6 तासांनी अष्टमांश. मग 24 तास कशासाठी? कारण हा वेग सरासरीचा आहे, तुमचा नव्हे. वय वाढलं, यकृत मंद असलं, अंगावर चरबी जास्त असली की हाच काळ दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. सोबत बहुधा फेंटानिलसारखं वेदनाशामक दिलेलं असतं आणि ही दोन औषधं एकमेकांचं बळ वाढवतात, श्वास मंदावण्याच्या बाबतीत तर विशेष. शिवाय आदल्या दिवसापासूनचा उपास, जुलाबाच्या औषधानं मोडलेली झोप. कुणाचं शरीर आज संथ चालणार आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून अख्खा एक दिवस आणि मधली एक रात्र राखून ठेवायची.

उतारा नाही का? आहे. फ्लुमाझेनिल दिलं की मिडाझोलॅमनं गुंगलेला माणूस टक्क जागा होतो. पण उताऱ्याचा अंमल औषधाआधी संपतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते! निसर्गाच्या या हिशोबाला आडवाट नाही.

सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. आपण ठीक आहोत की नाही, हे आपण कशानं ठरवतो? मेंदूनंच. गुंगीत मंदावतो तोही मेंदूच. मोजायची फूटपट्टीच आखडलेली असेल तर माप बरोबर कसं येणार? म्हणून माणूस अगदी मनापासून सांगतो, "मी एकदम ओके आहे, चावी द्या." त्याला खरंच तसं वाटत असतं, पण समोरच्या गाडीचे ब्रेकलाइट पेटल्यावर त्याचा पाय मात्र उशिरा हलतो.

न्यूझीलंडमध्ये ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. 2017 पासून तिथे आतड्याच्या कर्करोगाची राष्ट्रीय चाचणी मोहीम सुरू आहे. साठीच्या आसपासच्या लोकांना घरी पाकीट येतं, शौचाचा नमुना टपालानं पाठवायचा आणि त्यात रक्ताचा अंश सापडला तर कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासणीला, बोलावतात. म्हणजे बोलावलेल्या माणसाला आपण आजारी आहोत असं बहुधा वाटतच नसतं! रोज फिरायला जाणारा, गाडी चालवणारा, नातवंडं सांभाळणारा. "मला काय झालंय?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की आतड्याचं काय ते तपासणीत कळेल. पण मेंदू आज सुट्टीवर आहे.

सकाळी येऊन संध्याकाळी घरी जायची ही पद्धत तरी कुठून आली? ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स निकोल यांनी 1909 मध्ये सांगितलं, की दहा वर्षांत 8,988 मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना खाटेवर न ठेवता घरी पाठवलं. त्या काळात हे धाडसच होतं. त्यांचं म्हणणं असं, की मूल आईजवळ अधिक चांगलं बरं होतं. आणि परिचारिका घरोघरी जाऊन बघून येत. ध्यानात आलं? एका दिवसातली शस्त्रक्रिया पहिल्यापासून घरातल्या माणसाच्या भरवशावर उभी आहे. घरचं माणूस हा उपचाराचाच अर्धा भाग.

महाराष्ट्रात आपल्याला हे शिकवावं लागत नाही. दवाखाना म्हटलं की डबा घेऊन वहिनी, रात्री थांबायला भाचा, बाहेरच्या बाकावर शेजारचे काका. ओटाहुहुत नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याकडे किंवा एकट्यानं राहणाऱ्या नोकरदाराकडे हा गोतावळा नसतो. तिथे तो आधीपासून जुळवावा लागतो, आणि जुळवता येतो.

तपासणीचं पत्र आलं की त्याच दिवशी माणूस ठरवा, तपासणीच्या सकाळी नव्हे. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: आत येऊन मला घ्यायचंय, डॉक्टरांचं ऐकायचंय, रात्री घरात असायचंय. नुसती टॅक्सी चालत नाही, कारण चालक तुम्हाला दारात सोडतो आणि जातो. मागच्या सीटवर श्वास मंदावला तर त्याला कळायचं कसं? टॅक्सी करा, पण शेजारी आपलं माणूस बसवा. जाताना गाडी नेऊच नका, म्हणजे परतताना मोह नाही. रात्रीचं जेवण आधीच करून ठेवा, गॅसजवळ एकट्यानं उभं राहू नका. त्या दिवशी दारू नाही, झोपेची गोळी नाही, सही नाही, बँकेचा व्यवहार नाही, लहान मुलाची एकट्यावर जबाबदारी नाही.

कुणीच मिळत नसेल तर? लपवू नका, पत्रावरच्या क्रमांकावर लवकर फोन करा. वाटा असतात. काहींची तपासणी गुंगीशिवायही होते. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं निम्मं-निम्मं मिश्रण हुंगायला देतात. ते श्वासावाटे आत जातं, श्वासावाटेच काही मिनिटांत बाहेर पडतं. कधी तारीख बदलून मिळते, कधी रात्रभर ठेवून घेण्याचा विचार होतो. घरी आल्यावर शंका आली तर हेल्थलाइनचा 0800 611 116 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. श्वासाचा त्रास झाला, माणूस उठवून उठेना, तर थेट 111.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. न्यूझीलंडमध्ये 1996 पासून रुग्णहक्कांची संहिता कायद्यानं लागू आहे. तिच्यात दहा हक्क आहेत. आपल्या पसंतीचं माणूस सोबत ठेवणं हा त्यातला एक. गरज असेल आणि शक्य असेल तिथे दुभाषा मिळणं हाही त्यात येतो. भारतातून आलेल्या आईला इंग्रजी सूचना कळत नसतील, तर दुभाषा आधीच मागा; गुंगीत असताना दुसरी भाषा आणखी दूर जाते.

तुमच्या इमारतीत, गणेशोत्सवाच्या मंडळात, ऑफिसात कुणीतरी आत्ता असं पत्र हातात घेऊन बसलेलं असेल आणि कुणाला विचारावं या संकोचात असेल. त्याला तुम्हीच आधी विचारा, "तारीख कधीची आहे? मी येतो."